जि.प. शाळेला संगणक घ्यावेत की शिकवणारा माणूस? (दक्षिण सोलापूर)

सातरस्ता – सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी आहे. शाळा सातवीपर्यंत, माझी मुलगी सहावीत. यंदा माजी विद्यार्थ्यांनी दोन लाख रुपये जमवलेत, अट एकच, "पोरांना कॉम्प्युटर शिकवा". त्यात गावचा एक जण पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या कंपनीतून बारा जुने डेस्कटॉप फुकट मिळतायत. सरपंच खूश. फीत कापायची तारीखही ठरत आलीय.

काल मुख्याध्यापकांकडून किल्ली घेऊन जुना 'संगणक कक्ष' उघडून बघितला. कधीकाळी आमदार निधीतून झालेला. दारावरची पाटी अजून झकास. आत सहा मशीन, शिंप्याकडून शिवून घेतलेली फुलाफुलांची कव्हरं घालून बसलेली. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगून टम्म. दोन कीबोर्डच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. एक मशीन कुरकुरत सुरू झालं आणि तारीख दाखवली १ जानेवारी २००९. भिंतीवर तक्ता, "सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू". मेंदूवर बोटभर धूळ.

म्हणजे कॉम्प्युटर या शाळेत एकदा येऊन गेलेत. आता सांगा, बारा डेस्कटॉप घ्यावेत का? पैसे मशीनला घालावेत की माणसाला? आणि शिकवायचं नक्की काय? २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग (म्हणजे पायरी पायरीने विचार करून प्रश्न सोडवणं) आणणार असं केंद्राने जाहीर केलंय. आमच्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते आणि दोन्हीला मिळून गुरुजी एक.

कडक_भाकरी – ९:२२

लाइट बिल कोण भरणार ते आधी ठरवा. आमच्या गावच्या शाळेत टॅब आले, प्रोजेक्टर आला आणि बिल थकलं म्हणून मीटर गेलं. वर्षभर पोरं टॅबच्या खोक्यांवर बसून डबा खायची.

गड्डा_जत्रा – ९:२५

सरपंचांना म्हणावं, मागच्या उद्घाटनाची फीत कपाटात शिल्लक असेल बघा. खर्च वाचेल.

हुतात्मा_एक्सप्रेस – ९:५०

चांगला विषय. मी मूळचा सोलापूरचा, पुण्याला हिंजवडीत काम करतो, घरी हुतात्मा एक्सप्रेसने येतो, नाव त्यावरूनच.

एक गल्लत आधी दूर करू. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट म्हणजे कॉम्प्युटर वापरणं. संगणकशास्त्र वेगळं. एमएस-सीआयटी २००१ साली आली तेव्हापासून गावोगावच्या माणसांच्या हातात माउस आला, सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून आमच्या आत्याने पन्नाशीत ती केली. त्याला नावं ठेवत नाही. पण तेच सहावीच्या पोराला शिकवायचं म्हणजे स्वयंपाक शिकवतो सांगून हॉटेलात ऑर्डर द्यायला शिकवण्यासारखं आहे.

मी नवीन इंजिनियरांच्या मुलाखती घेतो. हमखास एक प्रश्न विचारतो. अकारविल्हे लावलेल्या हजार नावांच्या यादीत एक नाव शोधायचंय, जास्तीत जास्त किती नावं बघावी लागतील? तीन-तीन भाषा येणारी पोरं म्हणतात, "सर्च मारू सर." अरे, तो सर्च काय करतो ते विचारतोय! मधलं नाव बघ, आपलं पुढे की मागे ते ठरव, अर्धी यादी सोडून दे. दहा वेळात काम फत्ते. शब्दकोश बघताना आपण हेच करतो. हे सहावीत सांगता येतं.

त्यामुळे मशीन घ्या. बारा मिळतायत तर बाराही घ्या. एमआयटीचं स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, २००७ पासून फुकट आहे, एकदा टाकलं की इंटरनेटशिवाय चालतं. पोरं आपोआप शिकतील.

निदेशक_२०११ – १०:३५

@सातरस्ता, मी त्या खोलीतला माणूस. म्हणजे तुमच्या नाही, तशाच दुसऱ्या.

हायस्कूलला आयसीटी या सरकारी संगणक-शिक्षण योजनेत संगणक निदेशक होतो. मॉडेलचं नाव 'बूट', म्हणजे कंपनीने लॅब बांधायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेला देऊन टाकायची. आमची नेमणूक ठेकेदाराकडून. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी चार. तरी सांगतो, ती पाच वर्षं मजेत गेली. दहावीच्या पोरी एक्सेलमध्ये घरच्या दुधाचा हिशोब मांडायच्या, फॅट लावून. एकीने डेअरीवाल्याची चूक पकडली होती.

मुदत संपली त्या दिवशी हस्तांतराच्या कागदावर सही केली. संगणक १०, खुर्च्या २०, प्रिंटर १. शिकवणारा माणूस हा रकाना त्या कागदावर नव्हता. किल्ली टेबलावर ठेवून आलो. दोन वर्षांनी सहज गेलो तर खोलीत खिचडीचा तांदूळ.

आता बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे माझं. जुने विद्यार्थी येतात सातबारा काढायला. सर म्हणतात अजून.

@हुतात्मा_एक्सप्रेस, "आपोआप शिकतील" असं पाच वर्षांत मी एकदाही बघितलं नाही. आपोआप गेम शिकतात. तेही एकाच्या हातात माउस, बाकीचे चार मागून ओरडतायत.

सावध_पालक – १०:५२

अप्रिय बोलतो. पाचवीच्या पोराला भागाकार येत नाही, जोडाक्षर वाचता येत नाही, आणि आपण कोडिंग घेऊन बसलोय. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन कोडिंग क्लासची ती जाहिरात यायची, सहावीतला पोरगा ॲप बनवतो आणि दारात गुंतवणूकदार भांडतात. माझ्या मेहुण्याने हप्ते भरले. पोरगा आता यूट्यूबवर मासेमारी बघतो.

गड्डा_जत्रा – १०:५५

मासे तरी मिळतील बे. उजनीला पाठवा.

जुळे_सोलापूर – ११:१५

@निदेशक_२०११ यांचा "एकाच्या हातात माउस" वाचून थांबले. तो एक कोण असतो हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

मी २००३ ला आठवीत. शहरातली नावाजलेली शाळा, लॅब चकाचक. चपला बाहेर काढून आत जायचं, फरशी गार लागायची. एका मशीनवर तिघं, दोन मुलं आणि एक मुलगी. माउस मुलाच्या हातात, मुलगी वहीत लिहून घेणार, कारण "तुझं अक्षर चांगलं आहे". वर्षाच्या शेवटी माझी वही वर्गात सगळ्यात नीटनेटकी. राइट क्लिक म्हणजे काय ते मला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी कळलं. परीक्षेत मात्र पैकीच्या पैकी, कारण प्रश्न "संगणकाचे जनक कोण?"

आता मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. सांगायचं एवढंच, मशीन किती घ्यायची ते नंतर बघा, दर दहा मिनिटांनी माउस बदलायचा नियम आधी भिंतीवर लावा. सीपीयूच्या मेंदूचा तक्ता काढून त्याच खिळ्याला.

बायफोकल – ११:३०

+१. आमची बारावी बायफोकलची, म्हणजे कॉम्प्युटर हा व्यावसायिक विषय घेऊन. इंटेलने १९७६ ला काढलेला ८०८५ प्रोसेसर आम्ही एकविसाव्या शतकात रजिस्टरसकट पाठ केला. अजून झोपेत विचारलं तरी ॲक्युम्युलेटर सांगतो. बायको विचारत नाही.

काका_सोलापूरकर – मंगळवार, सकाळी ६:४०

तुम्ही मंडळी रात्री जागता, आम्ही पहाटे वाचतो. सरकारची ही हौस जुनी आहे हो. १९८४ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प आला होता, त्यातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रं मिळाली. मी तेव्हा नववीत. सरांनी दोन ओळी टाइप केल्या, पहिलीत माझं नाव छापायचं, दुसरीत पुन्हा पहिलीवर जायचं. पडदा नावाने भरून वाहायला लागला. सरांना थांबवता येईना, शेवटी प्लग काढला. त्यानंतर ती खोली आम्हाला उघडी दिसली नाही. पण यंत्राला "परत तेच कर" सांगता येतं हे जे डोक्यात बसलं ते बसलं. वय ५५.

चौथीच्या_बाई – सकाळी ७:२०

शाळेला निघायच्या आधी लिहिते.

शाळेत संगणक आला की तो आधी ऑफिसात जातो. यू-डायस आणि सरल ही शाळांच्या माहितीची सरकारी पोर्टलं, शिष्यवृत्ती, आधार जुळणी, सगळं ऑनलाइन भरायचं. २०२३-२४ च्या यू-डायसप्रमाणे देशातल्या साधारण ५७ टक्के शाळांमध्ये चालू संगणक आहे. आमच्याकडेही आहे, एक. तो मोठ्या सरांच्या टेबलावर आहे आणि पोरांनी त्याला पुसण्यापुरता हात लावलाय.

म्हणून मी संगणकाशिवायच सुरू केलं. यात माझी अक्कल काही नाही. न्यूझीलंडमध्ये टिम बेल वगैरेंनी 'सीएस अनप्लग्ड' म्हणून खेळ बसवलेत, आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेची 'सीएसपाठशाला' हेच करते. मी जुन्या लग्नपत्रिका घेतल्या, मागची कोरी बाजू वर. पाच पत्रिकांवर टिकल्या चिकटवल्या, १६, ८, ४, २ आणि १. पाच पोरं ओळीने उभी. मी आकडा सांगायचा, त्यांनी पत्रिका दाखवायची नाहीतर उलटी धरायची. १९ म्हटलं की सोळावाला, दोनवाला, एकवाला दाखवणार, बाकीचे उलटी. पहिल्या दिवशी गोंधळ, कारण उलट्या बाजूने "चि. सौ. कां." दिसायचं आणि पोरं तेच वाचत बसायची.

तिसऱ्या दिवशी एकीने विचारलं, "बाई, सगळ्यांनी दाखवलं तर?" मोजा म्हटलं. ३१. "मग बत्तीसला?" मी गप्प राहिले. मागून एक पोरगा, जो एरवी पाढ्याच्या तासाला पाणी प्यायला जातो, तो म्हणाला, "अजून एक माणूस लागंल. बत्तीस टिकल्यांचा."

@सावध_पालक, त्या पोराला भागाकार अजून येत नाही. पण त्या दिवशी त्याने स्वतःहून बेरीज केली.

हुतात्मा_एक्सप्रेस – ८:०५

बाई, दंडवत. "आपोआप" मागे घेतो. मशीनबद्दलचं मत कायम आहे. पत्रिकांवर शिकलेलं कधीतरी पडद्यावर चालवून बघायला मिळायला हवं. चुकलं की यंत्र लगेच सांगतं, आणि माणसासारखं रागावत नाही.

जॅकार्ड – ९:३०

लग्नपत्रिका वाचून राहवलं नाही. आमचं चादरीचं घराणं, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कारखाना, माग आता कमी झालेत. बाई जे करतात ते आमच्या मागावर माझ्या जन्माआधीपासून चाललंय.

डिझाइन आधी ग्राफ पेपरवर, चौकट चौकट रंगवून. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, याला पंचिंग म्हणतात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक असलं की सुई आत जाते, हूक उचलला जातो, उभा धागा वर. भोक नसलं की सुई अडते, धागा खालीच. आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. अशी शेकडो कार्डं दोरीने ओवून माळ करतात आणि ती मागावर फिरत राहते. माळ संपली की पहिलं कार्ड परत येतं, नक्षी पुन्हा सुरू. काकांचं "परत तेच कर" ते हेच.

फ्रान्समध्ये जॅकारने १८०४ साली हे बसवलं. ज्याला संगणकाचा जनक म्हणतात त्या बॅबेजने आपल्या यंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने लिहिलंय की जॅकारचा माग जशी पानंफुलं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. पुढे हॉलेरिथने अमेरिकेची १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. "संगणकाचे जनक कोण" पाठ करणाऱ्या सोलापूरच्या पोराला कुणी हे सांगितलं का, की त्याच्या अंगावरच्या चादरीत प्रोग्राम आहे?

लहानपणी एकदा मी माळेतली दोन कार्डं उलटसुलट ओवली. मोराची मान तुटलेल्या दोन चादरी निघाल्या. आजोबांनी ओरडायचं सोडून कार्ड उजेडाला धरलं आणि मला भोकं मोजायला लावली. माझं पहिलं डीबगिंग.

गड्डा_जत्रा – ९:३३

हा खरा धागा. बाकीचे नुसते प्रतिसाद.

अशोक_चौक – १०:४५

जॅकार्डशेठ, एक नंबर. आमचे वडील अशाच मागावर कामगार, आई विड्या वळायची. माग कसा चालतो ते वडिलांना हाताला माहीत, कुणी त्याला शिक्षण म्हटलं नाही ही गोष्ट वेगळी.

माझा मुद्दा भाषेचा. आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत थोडी कन्नड थोडी उर्दू, आणि कॉम्प्युटर उघडला की इंग्रजी. 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज' यातला फरक मला कुणी मराठीतसुद्धा सांगितला नाही, तेलुगूत कोण सांगणार. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीत आहेत, तेलुगू-कन्नडमध्येही आहेत, डाउनलोड करून ठेवता येतात. पण पोरांसमोर नुसता व्हिडिओ लावून मास्तर ऑफिसात गेला तर काही उपयोग नाही. शेजारी माणूस पाहिजे.

परिते_शेजारी – ११:२०

सोलापूर जिल्ह्याचा धागा आणि डिसले गुरुजींचं नाव अजून नाही? माढा तालुक्यातली परितेवाडी. पुस्तकांना क्यूआर कोड लावले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे बाकीच्या अंतिम उमेदवारांना वाटले. त्यांनी काय बारा डेस्कटॉपची वाट बघितली का?

जुळे_सोलापूर – ११:४०

गुरुजींबद्दल आदर आहेच. पण क्यूआर कोडने धडा पोरापर्यंत पोचतो, तो कोड कसा चालतो हे पोराला कळणं निराळं. काळ्या-पांढऱ्या चौकटी का, थोडा भाग फाटला तरी कसा वाचला जातो... अरे, हा तर बाईंच्या टिकल्यांचा पुढचा तास झाला की! बालभारतीच्या पुस्तकावर छापलेलाच आहे, साहित्य फुकट.

नारळीपाक – दुपारी १:१०

नोकरीनिमित्त सहा वर्षं कोचीत काढली, मुलगी तिथे सरकारी शाळेत होती. तिकडे 'आयटी ॲट स्कूल' २००१ ला सुरू झालं, २०१७ ला त्याची 'काइट' नावाची सरकारी कंपनी झाली. मला आवडलं ते असं, शिकवायला बाहेरून ठेकेदाराचा माणूस आणला नाही. शाळेतल्याच गणिताच्या, विज्ञानाच्या, अगदी भाषेच्या शिक्षकांना तयार केलं. मशीनवर सगळं फ्री सॉफ्टवेअर, लिनक्स. स्वतःचं मल्याळम पाठ्यपुस्तक. आणि दहावीला आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजे तास गणिताला उसना देता येत नाही. पुढे २०१८ पासून 'लिटल काइट्स' क्लब, मशीन बिघडलं की आधी पोरंच उघडून बघतात.

निदेशकसाहेबांची गोष्ट वाचली आणि फरक कळला. तिथे शिकवणारा शाळेच्या पगारपत्रकावरचाच होता, त्यामुळे पाच वर्षांनी तो जाणार कुठे?

सावध_पालक – १:४५

हे पटलं. पण केरळचं सरकार वेगळं, इथे समिती आहे दोन लाखांची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग लिहून ठेवलंय, लिहिणाऱ्याचं काय जातं. आणि हो, असर २०२४ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत आहे, १४ ते १६ वयाची ८२ टक्के पोरं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यातली आठवड्यात अभ्यासाला वापरला म्हणणारी ५७ टक्के, सोशल मीडियाला ७६. यंत्र आधीच घरात आलंय. मला भीती त्याची आहे, तुमच्या डेस्कटॉपची नाही.

चौथीच्या_बाई – सायंकाळी ५:३०

भाऊ, त्यासाठीच तर. समोर रील का येते, एकावर थांबलं की तशीच दुसरी का येते, हे पोरांना कळायला नको का? तो पण एक नियमच आहे कुणीतरी लिहिलेला. मी वर्गात एका पोराला 'मोबाइल' केलं. दुसऱ्याने ज्या चित्रावर जास्त वेळ काढला, तसंच पुढचं चित्र त्याने द्यायचं. दहा मिनिटांत बघणाऱ्याकडे नुसती कुत्र्यांची चित्रं. म्हणाला, "बाई, मला मांजर पण आवडतंय की, पण देईनाच."

सातरस्ता – पुढचा सोमवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली, तीन तास. भांडणंही झाली.

डेस्कटॉप बारा नाही, चार घेतोय. पुण्याच्या मित्राला जरा लागलंय, फुकटची वस्तू नाकारली म्हणून. पण खोलीत सॉकेटच सहा आहेत आणि वायरिंगवाल्याने वर हात केले. जुन्या सहापैकी दोन जिवंत झाली, तारीख-वेळ सांभाळणारी सीमॉस बॅटरी बदलून, तीस-चाळीस रुपयांत. २००९ संपलं एकदाचं.

पैशातला मोठा वाटा माणसाला. @निदेशक_२०११ यांना मी परवा दुकानात जाऊन भेटलो. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन-दोन तास येणार. मानधन महिना पाच हजार, ते घ्यायला तयार नव्हते, मीच अडून बसलो. नारळीपाक यांचं ऐकून एक अट घातलीय, प्रत्येक तासाला आमचे गणिताचे गुरुजी शेजारी बसणार. दोन वर्षांनी पैसे संपतील तेव्हा तास गुरुजींनी घ्यायचा. गुरुजी आधी कुरकुरले, म्हणाले जनगणना, निवडणूक, आता हे. मग लग्नपत्रिकांचा खेळ दाखवला तर स्वतःच ३२ टिकल्यांचा माणूस शोधायला लागले.

तिसरी-चौथीला मशीन नाहीच, फक्त बाईंचे खेळ. माउसचा नियम खिळ्याला लागला. मुलगी म्हणते दहा मिनिटं फार झाली, सात करा.

सरपंचांची फीत राहिली. २६ जानेवारीला कापणारच म्हणतात, कापू द्या.

निदेशक_२०११ – ९:१५

उद्या दीडला पोचतो. दुकानात नमुन्याच्या लग्नपत्रिका ढिगाने पडून आहेत, घेऊन येतो. फक्त कुणीतरी खोलीतला तांदूळ असला तर हलवून ठेवा.

सातरस्ता – ९:१८

तांदूळ नाही. कबुतरं आहेत.

जॅकार्ड – ९:४०

जुन्या कार्डांची एक माळ काढून ठेवलीय, मोराची. मान तुटलेलीच. पोरांना भोकं मोजून चूक शोधू दे. शुक्रवारी कुणाला तरी पाठवा, जड आहे, टमटम लागेल.

कडक_भाकरी – ९:५२

आणि लाइट बिल?

सातरस्ता – १०:०५

त्याचं अजून ठरलं नाही. सरपंच म्हणाले, "बघू."